बाकाच्या पोटात

नकाशावर लाल रेघ होती,
गेंटच्या कोर्टाच्या पायऱ्यांपासून तीस मीटरवर.
रेघेबाहेर साडेसात टनांचा ट्रक, वेग पन्नास.
रेघेच्या आत माणसं.
पोलीस खात्याचे व्हरमेर म्हणाले,
काँक्रीटचे ठोकळे टाका, उद्या सकाळी येतील.
मी म्हटलं, मग लोकांना रोज ट्रक दिसेल,
ट्रक नसतानाही.

म्हणून बाक.
निळसर दगडाचा, लांबलचक,
पलीकडच्या कालव्यासारखा एके ठिकाणी उगीचच वळलेला.
पोटात पोलाद, आणि पोलादाची मुळं
ट्रामच्या रुळांहून खोल,
जिथे कुठल्याशा जुन्या गटाराच्या विटा लागल्या
आणि काम अकरा दिवस अडलं.

खरी अडचण उंचीची.
नियमाला उंची हवी होती मांडीपर्यंत.
एवढ्या उंचावर बसलं की पाय लोंबतात
आणि कोर्टासमोर पाय लोंबणारा माणूस
आरोपीच वाटतो, साक्षीदार असला तरी.

लाकडी नमुना चौकात मांडला.
गोडेलीव्हबाई आल्या, पिशवीतून लीकची पात डोकावत होती.
कशाबशा चढून बसल्या. बूट हवेत.
‘हा कुणासाठी केलायस गं?’
उत्तर होतं माझ्याकडे.
ते दुपारी बाजारातून परतणाऱ्या बाईला
सांगण्यासारखं नव्हतं.

बाक खाली येईना,
तेव्हा मी चौकच वर उचलला, वीतभर.
आता रस्त्याकडून ती भिंत आहे
आणि चौकाकडून बसायची जागा.
व्हरमेरनी सही केली, आणि खालीच लिहिलं:
फुलं फार उंच वाढू देऊ नयेत.

फुलं वाढलीच.
लॅव्हेंडरवरच्या मधमाश्यांविरुद्ध
एका वकिलाने लेखी तक्रार दिलीय.
सुनावणीआधी एक पोरगा इथे बसून
फोनमध्ये बघत टाय बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो.
टोकाला कुणी किल्लीने कोरलंय,
‘योरिस, चारपर्यंत थांबले होते.’
ते पुसायचा निरोप आला. मी विसरले.

मी स्वतः मात्र तिथे बसत नाही.
रस्त्याकडे पाठ करावी लागते,
आणि मला वजन माहीत आहे, वेग माहीत आहे,
पोलाद कुठे जोडलंय तो सांधासुद्धा.

गुरुवारी गोडेलीव्हबाई होत्या,
दोन्ही पाय जमिनीवर, डोळे मिटलेले.
‘दगड तापलाय छान,’ म्हणाल्या,
आणि मग, डोळे न उघडताच,
‘कुणासाठी ते तू सांगितलंच नाहीस.’

मागून ट्राम गेली. एक व्हॅन गेली.
मी म्हटलं,
थोड्या सरकता का?