वाळूवरचा

मोरजीच्या शॅकवाल्याने मे महिन्यात ताडपत्री गुंडाळली,
खुर्च्या एकात एक घातल्या,
आणि हा उरला.

मयेला आणला तेव्हा दीड दिवस मुतलाच नाही.
दुसऱ्या रात्री देवघरासमोर,
माझ्याकडे बघत, कान पाडून,
जणू गुन्हा आधीच कबूल.

‘भायर’ म्हटलं. ‘बाहेर’ म्हटलं.
रशियन येत नाही मला.
मार तेवढा त्याला सगळ्या भाषांत कळायचा:
मी फडकं उचललं
की हा पलंगाखाली.

‘नाकच घास त्यात,’ शेवंतू कुंपणावरून म्हणाली.
मी तिच्यादेखत लादी पुसली. बोलले नाही.

मग एकदा कुष्टा गवंड्याच्या ढिगावर
याचा पाय पडला. थबकला.
वास घेतला, गोल फिरला,
आणि केवढा वेळ, बाई, केवढा वेळ!

घर कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं त्याला,
पण मोरी ठाऊक होती,
मोरजीपासून आश्व्यापर्यंत लांब.

दोन घमेली वाळू मागून आणली.
आधी पडवीत पसरली, मग पायरीवर,
मग फणसाखाली,
रोज हातभर पुढे.
रद्दी संपली, फिनेल संपलं,
श्रावण आला.

आता रात्री तीनला दारावर नखं वाजतात.
मी बॅटरी धरून उभी,
तो जागा निवडतो, नाकारतो, परत निवडतो.
वाळू कधीच मातीत गेली
तरी मागचे पाय झाडतो, जोरात,
माझ्या गाऊनवर चिखल.

‘शाबास रे सुंगटा,’ म्हणते मी अर्धवट झोपेत.
तोवर तो माझ्याआधी
घरात शिरलेला असतो.