मुक्काम सूर

गावाचं नाव सूर. यावरचे विनोद
अकरा वर्षांत सगळे करून झालेत,
तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो:
तारा किती घ्यायच्या?

लाकूड मिळालंय.
खलफानच्या नव्या गलबताच्या कण्यातून उरलेला
सागाचा तुकडा, पाऊण मीटर लांब, वीतभर रुंद,
अजून तेलकट, डोक्याशी एक काळी गाठ.
वेलायुधन कानावरची पेन्सिल काढून विचारतो,
"कितना होल?"
त्याच्या लेखी प्रश्न तेवढाच.

मी गॅसच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
(हो, तोही विनोद झालाय.)
दाब मोजतो, काटा शून्यावर आणतो, सही करतो.
एका तारेचा ताण दहा-बारा किलो.
सहांचा सत्तरच्या आत, आठांचा शंभराला टेकतो.
जो साग झांझिबारपर्यंत गेला असता
तो शंभर किलोला वाकणार नाही.
लाकडाचा प्रश्न नाहीच.

एडविन मास्तरांच्या सहा होत्या.
सांगलीला, मिशन कंपाउंडात,
मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गिटार,
आणि जो सूर सहांत सापडायचा नाही
त्याच्यासाठी ते सळई तिरकी धरायचे.
मनगट असं वळायचं
जसा कुणी भरला कप
न सांडता बशीत ओततं.
तिरक्या सळईखाली सूर पुरता जुळायचा नाही,
केसभर आंबट राहायचा.
मी नाक मुरडलं की म्हणायचे,
"असू दे रे. कैरी आहे."

माझं डावं मनगट सात वर्षं सरळच आहे.
फ्लँजचा गंजका नट, घसरलेला पान्हा,
आत दोन स्क्रू, बाहेर एक पांढरी रेघ.
भात कालवणारा हात दुसरा, त्यामुळे घरी
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
सळई धरता येते. तिरकी नाही.

म्हणून आठ.
आठांत जे हवं ते बहुतेक समोर, ओळीत मिळतं,
हात फक्त पुढे-मागे न्यायचा.
दहांतही मिळतं, बारांतही,
पण एक छेडायला जावं तर तीन भलत्याच बोलतात,
आणि कॅम्पवर राहिल्यापासून
मला एवढे शेजारी नकोत.
शैलजा फोनवर म्हणाली, "दहाच घे.
मेमध्ये कायमचा येतोयस,
नंतर सुचलं तर काय
भोक पाडायला परत जाणारेस?"
ती सेफ्टी पिनाही याच हिशोबाने घेते.
शिवाय खोलीत आम्ही सहा जण, तर सहाच ठेवू,
असलं काही मी मनात आणलं नाही.
सहांतले दोघं घोरतात.

आठ, मी सांगितलं.
पाचव्या भोकाला गाठ लागली,
ड्रिलचं पातं तुटलं,
वेलायुधनने मल्याळममध्ये काहीतरी म्हटलं
ते मी समजून घेतलं नाही.

तारा दुबईहून बसने आल्या.
संध्याकाळी वखारीत, उलट्या पडावावर बसून लावल्या.
खाडीपलीकडे अइजाचा दिवा लागला होता.
सळई ठेवली, सरळ. ओढली, सरळ.
सगळं आलं. आठही तारा
तपासणीच्या दिवशी गेज उभे राहतात तशा,
प्रत्येकीचा काटा जागेवर.

मी तेच पुन्हा वाजवलं.
मग पुन्हा.

आणि ज्याने हयातभर काटे शून्यावर आणले
त्याने इकडे-तिकडे बघून
तिसरी खुंटी
केसभर उतरवली.

वेलायुधनला चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने ऐकू कमी येतं.
तो वाकला, जबडा सागाला टेकवला,
गलबताच्या फळीला टेकवतो तसा,
आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच राहिला.
"एक ढीला है," म्हणाला.
"रहने दो."
त्याने खांदे उडवले,
पेन्सिल कानावर ठेवली,
आणि तुटलेल्या पात्याचे दोन रियाल मागितले.