अक्षरामागे चार युरो

पत्र आलं तेव्हा मी एका सुईणीचा दगड घासत होते.
कीलगारव स्मारक समिती, अकरा सह्या.
जुन्या दूधसंघाच्या भिंतीवर बसवायची शिळा,
किलकेनीचा चुनखडक, दोन फूट बाय तीन.
मजकूर :
कमांडंट मॉर्टिमर क्विल, १८९७–१९२३,
आयर्लंडसाठी धारातीर्थी पडला.

अक्षरामागे चार युरो, मी कळवलं.
आकड्यांनाही तोच भाव.
स्वल्पविराम फुकट.

बॅट डिव्हेन आगाऊ रक्कम घेऊन आला,
चर्चमध्ये शिरावं तसा टोपी काढून शेडमध्ये शिरला.
त्याचा आजा क्विलच्या तुकडीत.
हिरव्या गणवेशातल्यांनी क्विलला पुलाखाली उभं केलं
तेव्हा त्याच्या खिशात अर्धा पाव होता;
आईला कोट परत मिळाला तो पावासकट.
सव्वीसाव्या वर्षी, बॅट म्हणाला,
आणि गोळ्या घालणारे दोन वर्षांपूर्वी
याच डोंगरात त्याच्याबरोबर एका घोंगडीखाली झोपत होते.
त्याचा आवाज फुटला.
खोटं नव्हतं त्यात काही.

दुसऱ्या दिवशी हानोरा लूसी.
अठ्ठ्याऐंशी वर्षं, रबरी बूट, काठी दारातच टेकवलेली.
"पडला?
पडतात ती माणसं शिडीवरून.
मॉर्टी क्विल आधी आमच्या दारात उभा राहिला,
दार वाजवलं, आजीला अदबीनं बाई म्हणाला,
आणि नेडकाकाला घेऊन गेला."

नेड पोस्टमन. दोन्ही बाजूंची पत्रं पोचवायचा,
तेवढाच गुन्हा असावा.
सकाळी दलदलीत सापडला, गळ्यात पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर एक शब्द : खबऱ्या.
पाऊस लागून राहिला होता,
घरी आणेस्तोवर शाई वाहून गेली.
शब्द राहिला.
तेवीस वर्षांनी शाळेत हानोराच्या बाकावर होता,
खडूनं.

मग बैठका. हॉलमध्ये, चहाच्या किटलीभोवती.
'पडला' नको, तर 'मरण पावला'?
डिव्हेन मंडळी उठली : अंथरुणात गेला की काय?
'मारला गेला'?
कुणी, तेही लिहा मग.
'ठार' कसंसंच वाटतं, वर्तमानपत्रासारखं.
फादर म्हणाले, क्रियापदच नको.
एका तरुण मास्तरणीनं सुचवलं,
खाली नेड लूसीचंही नाव घेऊ या.
तेव्हा दोन्ही घरं
शंभर वर्षांत पहिल्यांदा एकमतानं ओरडली.

मी तोवर नाव कोरून बसले होते. चूक माझी.
लोकांना वाटतं, अक्षर खोडता येतं.
कोरलेलं पुसायचं तर भोवतीचा अख्खा दगड
त्या अक्षराच्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो,
ज्यानं काही केलेलं नाही तो भागसुद्धा.

कुणी विचारलं नाही, तरी सांगते :
आमच्या घरात यावर कधी बोलणं झालं नाही.
पूल जवळ आला की वडील गाडीतला रेडिओ मोठा करायचे.
कुठल्या बाजूनं, ते मला अजून ठाऊक नाही.

शिळा शेडमध्ये भिंतीला टेकून आहे.
कोरडी असली की राखाडी,
छप्पर गळलं की काळीशार.
नावाखाली हातभर जागा मोकळी.
बॅटनं आगाऊ रक्कम परत मागितली नाही, उरलेली दिलीही नाही.
रस्त्यात भेटला की हवेवर बोलतो.

गुरुवारी हानोरा पुन्हा आली.
शिळेकडे पाहिलं नाही.
दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं,
बुटांच्या खोक्याच्या झाकणाएवढं.
"एवढ्या दगडाचं किती?"
मी पेन्सिल काढली. अक्षरं किती, ते सांगा.
"कोरा," ती म्हणाली.
"त्याच्यावर एकदा लिहून झालंय."

मग पाकीट उघडून नाणी मोजू लागली.
कोऱ्या दगडाचा भाव माझ्या पत्रकात नव्हता.
मी आत जाऊन चहा टाकला.