घनलक्ष्मी कृषी केंद्र

तीस वर्षं मी जालन्याच्या भिंती रंगवल्या.
सरकीच्या पिशव्या, ठिबकचे पाइप, दातांचे दवाखाने,
खाली कोपऱ्यात बारीक: मुंजा आर्ट्स.
वाचता यायचं मला, पण असं,
जसं लाइट गेल्यावर कुणी
दुसऱ्याच्या घरात आपल्या चपला शोधतं.
गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं.
मी खडूची दोरी ताणून झटकायचो,
शिरोरेषा उमटायची,
तिला चिठ्ठीतले आकार टांगायचो एकेक करून.
अर्थ मालकाचा, रंग माझा.

शाळेत मला ढ म्हणायचे.
आणि नेमका ढच मला काढता यायचा नाही,
त्याची गाठ उलटीकडे जायची.

मग फ्लेक्स आला. डबे वाळले.
एक दिवस जोंधळे मॅडम काचपेपर घेऊन दारात:
"अक्षरं कापून द्याल का? लेकरांनी बोट फिरवायचंय त्यांच्यावर."
दिली कापून. बोटांची सालं निघाली,
पण भ आणि म
डोळे मिटूनही वेगळे लागतात
हे पन्नाशीला कळलं.
पैसे मिळाले तरी उठलो नाही.
"शिकवायला शिकता?" त्या म्हणाल्या.
म्हटलं, फॉर्म तुम्ही भरा.

दर शनिवारी मंठा चौफुलीच्या मागं, बँकेवरच्या खोलीत,
डी.एड. झालेल्या चार पोरी आणि मी.
पोरी वहीत उतरवून घ्यायच्या,
मी ऐकायचो.
"नीट बघ" म्हणायचं नाही;
ते लेकरू केव्हाचं नीटच बघतंय.
पहिली वेलांटी लिहायची आधी, म्हणायची नंतर.
(मला इतकी वर्षं वाटायचं, मीच उशिरा पोचतो.)
सगळ्यात अवघड, गप्प बसणं.
तौफीक 'पिशवी'पाशी अडला
तेव्हा तो शब्द माझ्या ओठांवर येऊन बसला होता,
मी जीभ दातांखाली धरली
आणि पंख्याचे फेरे मोजले.

एका शनिवारी मॅडमनी घ आणि ध शेजारी मांडले.
शिरोरेषा तुटली की ध, अखंड असली की घ.
पुढचं काहीच कानावर आलं नाही.
रात्री सायकल काढली, मोंढ्यात गेलो,
मोबाइलचा उजेड वर धरला.
दोरी सरळ गेली होती. मीच झटकलेली.
घनलक्ष्मी कृषी केंद्र.
एकोणीस वर्षं!
मालक, मालकाचा पोरगा, बियाणं कंपनीचे साहेब,
खताच्या रांगेतलं अख्खं गाव,
सगळ्यांना वाचता येत होतं
म्हणून सगळ्यांनी धन वाचलं.
मी कुणाला बोललो नाही.

शिवकन्या नऊ वर्षांची. मुंडकं कायम वहीत.
"सर, मला कामून येत नाही ओ?"
मलापण येत नव्हतं, म्हणालो.
असं सांगायचं की नाही, ते शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिला पाट्या वाचायला घेऊन निघालो.
सलून झालं. चक्की झाली.
'स्त्री रोग तज्ज्ञ' आम्ही दोघांनीही सोडून दिलं.
मोंढ्याकडं मी वळवली नव्हती सायकल,
तीच म्हणाली, तिकडं.
बोट हवेत फिरवत, ओठ हलवत:
घ. न. घन. ल, क्ष, मी...
थांबली. पुन्हा पहिल्या अक्षरावर गेली,
शिरोरेषेवरून बोट नेलं या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"घनच हाय. घन म्हंजे काय ओ?"

मी दहापर्यंत मोजलं. 
"ढग," म्हणालो.

तिनं वर पाहिलं. एकही नव्हता.
मग सायकलच्या सीटवरच्या धुळीत
बोटानं काहीतरी काढलं,
मान तिरकी करून बघितलं.
"ढगाचा ढ. गाठ बराबर हाय का?"

मी वाकलो.
मला जरा वेळ लागला.
ती थांबली.