टाचणवही, तिसरी ब

शनिवारी सिस्टर जासिंतांच्या टेबलावर टाचणवही ठेवावी लागते.
सही होते, शिक्का बसतो.
उपक्रम, साहित्य, उद्दिष्ट, निष्पत्ती :
पट्टीनं आखलेले चार रकाने.
पट पंचवीस.
माझ्या आधीच्या बाईंच्या वहीत बासष्ट आहे.

सोमवार. गट करून मोजणे.
साहित्य : आइस्क्रीमच्या काड्या, रबर.
दहादहाचे गट करा, म्हणाले.
भार्गवी यमूलनं ढिगात हात घातला,
मूठ भरली, अंगठा फिरवला, रबर चढवलं.
‘पंचवीस.’
मी सोडून मोजल्या. पंचवीस.
तोवर तिची दुसरी मूठ, मग तिसरी.
सातचा पाढा तिला येत नाही.
पण पंचवीस, पन्नास, पाऊणशे करत
ती हजारापर्यंत न अडखळता जाते,
कारण हजार विड्या झाल्या की आई
मांडीवरचं सूप खाली ठेवते
आणि भिंतीला धरून उठते.
निष्पत्तीत मी लिहिलं : विद्यार्थी गट करतात.

मंगळवारी पाणी आलं.
पाचव्या दिवशी आलं, पहाटे साडेचारला,
म्हणून निम्मा वर्ग बाकावर डोकं टेकून.
मल्लेश बिर्रू आलाच नाही.
आईबाप दोघंही मागावर,
नळ आणि पिंप यांच्यामध्ये
त्या घरात तो एकटाच उरतो.
या महिन्यातली त्याची ही चौथी खेप.
हजेरीपटावर माझं पेन त्याच्या ओळीशी आलं,
थांबलं,
मग इतरांसारखंच पुढं गेलं.
हजर : पंचवीस.

बुधवारी चित्रकला. विषय, प्रार्थनेतली रोजची भाकर.
इल्यास नदाफनं कडक भाकरी काढली,
कडा वर वळलेली, मध्ये तडा,
शेजारी शेंगाचटणीचा लाल डोंगर.
प्रिस्कानं पाव काढला होता,
त्याची बघून खोडला.
‘टीचर, देवाला कडक चालते का ओ?’
महिनाभर टिकते, म्हणाले. चालत असेल.

गुरुवारचं काही आठवत नाही.
ऊन होतं. पंखा बंद होता.

शुक्रवार, शेवटचा तास, मूल्यशिक्षण.
सिस्टरांनी या आठवड्याला ‘क्षमा’ दिली होती.
बुटाचं खोकं, त्याला नाताळातला उरलेला चंदेरी कागद,
झाकणाला फट.
चिठ्ठीवर आपलं चुकलेलं लिहायचं.
नाव लिहायचं नाही.
‘टीचर, तुम्ही पण लिहा की,’ संगमेश म्हणाला,
आणि त्यानं माझ्यापुढं एक कोरा कागद सरकवला.

मुलं गेल्यावर खोकं उघडलं.
मी भावाचं खोडरबर चावलं.
मी इल्यासला जाड्या म्हणालो पण तो हाये.
मी प्रार्थनेत डोळे उघडून बघते सगळ्यांना.
आणि एक, चारदा घडी घातलेली :
मी चोवीस बांदल्या आणि पंचवीस म्हणाले.
कारखान्यातल्या काकानी आईचं सगळं छाट म्हणून फेकलं.
आईला वाटतं तीच चुकली.

नाव नव्हतं.
या वर्गातल्या नऊ जणांच्या आया विड्या वळतात.
मी नऊ अक्षरं आठवू लागले, कुणाचा ‘छ’ असा,
कोण ‘बांधल्या’ला ‘बांदल्या’ लिहितं.
मग स्वतःलाच म्हणाले, बास.
नियम मीच केला होता.

माझ्या कागदावर लिहिलं : मंगळवार.
एवढंच. पुढं सरकेना.
तोही खोक्यात टाकला.

शनिवारी सिस्टरांनी पान उलटलं.
‘शुक्रवारची निष्पत्ती रिकामी आहे, टीचर.’
‘हो.’
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
काहीतरी विचारणार होत्या,
पण बाहेर घंटा झाली आणि शिक्का बसला.

कपाटात काड्यांचे ते तीन गठ्ठे अजून आहेत.
पहिला मी मोजला होता.
बाकीचे दोन
मोजलेले नाहीत.