पाच गुणांचा प्रश्न

रात्रशाळेत, आठ चाळीसच्या तासाला,
जुन्या कादंबरीतला उतारा निघाला :
रावसाहेबांची दुधी रंगाची मोटार
पहिल्यांदा गिरगावच्या गल्लीत शिरते,
पोरं मागे धावतात, गॅलऱ्या भरतात,
आणि होणाऱ्या सासऱ्यांचा आवाज
एकाच परिच्छेदात 'अरे'वरून 'अहो'वर येतो.
(माझा कधी आला नाही.
मी मुलगी बघायला सायकलवर गेलो होतो.)

फळ्यावर लिहिलं :
मोटार कशाचे प्रतीक आहे? गुण पाच.
उत्तर गाईडात आहे, पोरांना पाठ, मलाही.
वैभवाचे, प्रतिष्ठेचे,
आणि दोन ओळी वाढवायच्या असतील तर
नश्वरतेचे.

शेवटच्या बाकावरून रोशन गावणंग म्हणाला,
"सर, हिला धुतो कोण?"

हसवायला विचारलं नव्हतं त्याने.
पहाटे साडेचारला तो असतो ताडदेवला,
एका टॉवरच्या तिसऱ्या पार्किंग मजल्यावर :
बावीस गाड्या, दोन बादल्या, एक नळ,
गाडीमागे महिन्याला सातशे,
आतून पुसायची तर वर शंभर.
बोटांची पेरं इतकी पांढरी, सुरकुतलेली,
की दिवसभर खडू कोण धरतं,
तो की मी, कळू नये.

मी पानं चाळली.
चौदा प्रकरणांत मोटार एकवीस वेळा येते.
चिखलातून येते, घाटातून येते,
एकदा तर थेट स्मशानातून,
आणि दर वेळी लखलखत.
लेखकाने तिच्यावर
पाण्याचा एक तांब्या खर्च केलेला नाही.

"बाहेरून गाडी त्यांची असते, सर.
आतून आमच्या ओळखीची.
सीटखाली सुकलेला हार सापडतो,
बाळाचा एकच मोजा,
बँकेचा लिफाफा, न फोडलेला.
अकराव्या मजल्यावरचे धरमसीशेठ,
त्यांची काळी जर्मन गाडी.
मार्चपासून हललीच नाही.
ड्रायव्हर गेला, टायर बसत चाललेत.
पण मला म्हणाले, तू धुणं थांबवू नकोस,
पैसे पुढच्या महिन्यात देतो.
धूळ बसली ना, की अख्ख्या सोसायटीला कळतं."

"मग फुकट धुतोस?" नझमाने विचारलं.

"चार महिने झाले.
काय करणार?
एवढा मोठा माणूस लिफ्टमधून बाहेर येतो
आणि मला बघून खिसे चाचपतो."

घंटा झाली.
फळा तसाच राहिला त्या रात्री.

सहामाहीच्या पेपरात
रोशनने गाईडातलंच उत्तर लिहिलं,
शब्द न् शब्द, नश्वरतेसकट.
मी पाचपैकी चार दिले.
'प्रतीक' त्याने 'प्रतिक' लिहिलं होतं,
एक त्याचा कापला.
घरी येऊन बराच वेळ
लाल पेन उघडंच राहिलं.

पुढे बोर्डाच्या फॉर्मवर त्याची सही हवी होती
म्हणून एका पहाटे मीच गेलो ताडदेवला.
वॉचमनने वहीत माझं नाव लिहिलं,
'वाहन क्रमांक'च्या रकान्यात
न विचारता आडवी रेघ ओढली.

वर नळ वाहत होता.
काळ्या गाडीच्या मागच्या काचेवर
शेजारच्या बांधकामाची एका रात्रीची धूळ,
आणि धुळीत, बोटाने : प्रतिक.
"बघा सर, आता बरोबर आहे का."

मी पहिली वेलांटी पुसली,
दुसरी काढली.
बोटाला सिमेंट लागलं.
तो ओठ हलवत वाचत राहिला,
एकदा, पुन्हा एकदा.
मग म्हणाला, "सरका सर, पँट भिजेल,"
आणि मगभर पाणी
काचेवर ओतलं.