निजलेल्यांची गड्डी

मंगळवारी सहा वाजता ओउलूच्या वाचनालयातली
तळमजल्यावरची खोली आमची असते.
दाराशी बुटांची रांग, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं तळं,
आणि आम्ही सगळे लोकरी मोज्यांवर.
त्यामुळे कोणी कितीही भयंकर राक्षस उतरवला
तरी टेबलाखाली त्याच्या मालकाचा
अंगठा भोकातून बाहेर आलेला असतो.

ही गड्डी मी घरी बांधली, ऑक्टोबरभर,
रात्रपाळीहून आल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
नियम एकच, माझा मीच केलेला:
चित्रात कोणीतरी झोपलेलं पाहिजे.
ताकद बघायची नाही.
साठ पत्ते, साठ झोपा.

घोरणारे सोपे होते.
सोन्यावर पसरलेला ड्रॅगन, दोन गडांचे पहारेकरी,
शापित राजकन्या (चार वेळा, एकीत तिची लाळ गळते).
मग शोधावं लागलं,
दुकानातल्या स्वस्त खोक्यांत, दहा सेंटला एक,
बोटं काळी होईपर्यंत:
चेटकिणीच्या खिडकीतलं मांजर;
समुद्रातल्या लढाईत, आगीच्याही मागे,
होडीत जाळ्यावर डोकं टेकलेला एक पोरगा.
चित्रकाराने तो कुणासाठी काढला असेल?
पत्त्यावर त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.

"झोपला तो संपला," वेइक्को म्हणाला गड्डी कापताना.
तो बर्फ उपसायची गाडी चालवतो, खेळतोही तसाच,
समोरचं सगळं कडेला.
पहिला डाव सहा मिनिटांत गेला.
दुसऱ्यात मला हात चांगला लागला, तरी गेला.
तिसऱ्यात मात्र तो घाव घालता घालता अडला.
"थांब. ह्यात कोण झोपलंय?"
चष्मा कपाळावर, पत्ता नाकाशी.
"कळलं. घंटेच्या मागे. पाद्री."
जिंकायचं तेवढा वेळ राहून गेलं.
मग जिंकला.

नंतर तायमी. वय नऊ, खुर्चीत दोन उशा,
पिसताना अर्धे पत्ते जमिनीवर.
मी उतारी केली: युद्ध संपलेलं मैदान, संध्याकाळ,
गवतात एक शिपाई, कुशीवर.
ती बघत राहिली.
"हा झोपलाय की मेलाय?"

कॉफीच्या यंत्राने तेवढ्यात घसा खाकरला.

हा प्रश्न मला पाठ आहे.
रात्री दोनला आणि चारला, टॉर्च तळव्याने झाकून,
मी अकरा म्हाताऱ्यांची अकरा दारं उघडतो
आणि पांघरुणाच्या एकाच घडीकडे बघत उभा राहतो,
ती हलेपर्यंत.
कधी कधी फार वेळ.
पत्त्यावर काही हलत नाही.
"मला वाटलं झोपलाय," मी म्हणालो,
"म्हणून घेतला."

तिने शिपायाच्या पाठीवर बोट ठेवलं,
डोळे मिटले,
पंचासारखा वेळ घेतला.
"झोपलाय. हळू खेळू या."
आणि हळू, अगदी हळू, एकही पत्ता न आपटता,
माझे उरलेले नऊ जीव तिने काढून घेतले.

पुढच्या मंगळवारी वेइक्कोने पाकिटातून एक पत्ता काढला,
माझ्याकडे सरकवला, नजर दुसरीकडे.
खानावळीतली मारामारी, उडती स्टुलं, फुटक्या बाटल्या,
आणि बाकाखाली, नीट बघितलं तर,
एक पाय. मोजा अर्धा निसटलेला.
"झोपेतलाच पाय आहे," तो म्हणाला.
"बायकोलाही विचारलं."

गड्डी नियमाने साठाचीच.
आज सुट्टीची रात्र. टेबलावर सगळे पसरून
मघापासून बसलोय, दिवा जरा वाकवून.
कुणाला उठवू?